चांगीच्या वाळूतलं टोकन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल — आणि मिलिंदलाही ओळखत नाही.

रविवारी सकाळी आमचा एक कंपू इथं सिंगापुरात चांगीच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरतो. यंत्र कुईं करेल तिथं वाळू उकरायची. बहुतेक वेळा शीतपेयांच्या डब्यांच्या कड्याच निघतात, पण आठवडाभर बँकेच्या ऑफिसात स्क्रीनकडे बघणाऱ्या बाईला तेवढंही पुरतं. मिलिंदला कंपूत मीच आणलं. नागपूरचा मुलगा, इथल्या विद्यापीठात धातूंवर पोस्टडॉक करणारा. मला ताई म्हणायचा.

एकदा मला पितळेची चकती सापडली. हिरवट-काळी, मध्ये भोक, कडेला पुसट चिनी अक्षरं. नाणं नव्हतं ते. जुन्या मळ्यांचे मालक मजुरांना असली टोकनं द्यायचे, आणि ती मालकाच्याच दुकानात चालायची. पण मळा कुठला? मिलिंद ते आठवडाभर घेऊन गेला, टिश्यू पेपरात गुंडाळून परत आणून दिलं आणि म्हणाला, "अक्षरं लागली की कळवतो. तोवर घासू नका हं ताई, पुसूसुद्धा नका." मी पुडी न उघडताच देवघराशेजारच्या फळीवर ठेवली. आई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आलेली होती.

काही दिवसांनी मिलिंदनं टोकनाचा फोटो पाठवला. तिरप्या उजेडात काढलेला, एकेक अक्षर स्पष्ट. अननसाच्या मळ्याचं टोकन आहे, मळ्याचं नावही लागलं, असं त्यानं लिहिलं होतं. मी हौसेनं पुडी उघडली — आत लखलखीत, गुळगुळीत चकती. अक्षर एकही नाही.

तुम्ही काय समजला असता? मी तर तिथल्या तिथे निकाल लावला. खरं टोकन त्यानं ठेवून घेतलं, मला भलतंच गुंडाळून दिलं. चोर स्वतःहून फोटो कशाला पाठवेल, हा साधा प्रश्नही मला पडला नाही. मी संशयी आहेच, कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारी. पण त्या दिवशीचा संशय — तो नुसत्या स्वभावाचा नव्हता. त्याचं आडनाव होतं त्यात. तसल्या आडनावांबद्दल आमच्या घरी जे आवाज उतरवून बोललं जायचं, ते मी पुण्यातच सोडून आले असं मला वाटत होतं.

मिलिंदला मी विचारलंसुद्धा नाही. सांगितलं ते थेट अंकलना. हे कंपूतले सगळ्यांत जुने, जायचं कुठं ते हेच ठरवतात. ते म्हणाले, "नेव्हर माइंड लाह. नेक्स्ट टाइम डोन्ट कॉल हिम." त्यानंतर मिलिंदला कुणी जागा कळवली नाही. त्यानं मला मेसेज केला — ताई, माझं काही चुकलं का? मी उत्तर दिलं नाही.

मग आई परत जायला निघाली. बॅग भरता भरता म्हणाली, "तुझ्या देवांबरोबर ती पितळी चकतीपण चिंच लावून लख्ख केली. होती तशी कागदात गुंडाळून ठेवली. पण तुझं लक्ष आहे कुठं!"

खाऱ्या पाण्यानं आधीच खाल्लेलं पितळ. काळपटपणाबरोबर अक्षरंही निघून गेली. आईनं आपली निरांजनं घासावी तसं ते घासलं होतं. आणि मी काय केलं? चहा टाकला.

अंकलना एक फोन करायचा होता. पण मग मी कोण ठरले असते? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही. अंकल माझ्याकडे हल्ली जरा जास्तच बघतात का? आई फोनवर कुणाला चिंचेचं सांगून बसली असेल का? मिलिंदला कळलं असेल का? मागे नोव्हेना मेट्रो स्टेशनवर तो दिसला, तर मी खांबाआड सरकले. त्यानं मला पाहिलं की नाही, हे अजून ठरवता येत नाही.

गेल्या रविवारी कंपूत एक नवी बाई आली. अंकलनी तिला नेहमीची ताकीद दिली, सापडलेली वस्तू कुणाच्या हाती देऊ नकोस, आमच्यात एक असा होता. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "रिअली आह?"

मी मान डोलावली, आणि डिटेक्टरचा हेडफोन पुन्हा कानाला लावला.