मुलुंडच्या खाडीतल्या निवट्या

माझा आजही जीव कासावीस होतो तो मुलुंडच्या खाडीतल्या निवट्यांसाठी. बाजारात मिळतात त्या नव्हेत. माझ्या सासूबाई ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून, बिळात हात घालून पकडायच्या, त्या. राखेत घोळून बुळबुळीतपणा काढायचा, मग लसूण, चिंच आणि घरचा लाल मसाला. मी अंधेरीची, कोकणी आईबापांची, बांगड्यावर वाढलेली. पंचाहत्तर सालाच्या आसपास लग्न होऊन आले, तेव्हा डोळे वटारून चिखलात उड्या मारणाऱ्या त्या माशाला नाक मुरडलं होतं. पहिल्याच घासाला नाक जागेवर आलं.

सासूबाई कोळीण आणि मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. "आमची शिकलेली सून" असं त्या कौतुकाने म्हणत की टोमणा म्हणून, हे मला कधी कळलं नाही.

कॉलेजात शिकलेली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नव्हती. कारखान्यातून पाण्यात गेलेला पारा खाडीच्या गाळात बसतो. माठ बरेच दिवस घासला नाही की आत बुळबुळीत थर धरतो, तसाच थर चिखलावर आणि तिवरांच्या मुळांवर धरतो. त्यात जंतू एकमेकांना चिकटून राहतात. थराच्या तळाशी, जिथे हवा पोचत नाही, तिथले काही जंतू पाऱ्याचं रूपच पालटतात. ते नवं रूप अंगात भिनतं आणि लवकर बाहेर पडत नाही. निवटी तर हाच थर खरवडून जगते. तिच्यातून ते बाईच्या अंगात येतं, आणि बाईतून पोटातल्या बाळाच्या मेंदूत.

आमच्या खाडीत कारखान्यांचं पाणी येत होतं. त्यात पारा होता का, होता तर किती, हे कुणी मोजलं नव्हतं.

मला दिवस गेले तशी मी निवट्या खाणं बंद केलं. सासूबाई भडकल्या. "माझी पोरा याच खाडीवर झाली. येडी झाली का गो तू?" मी माठाचं उदाहरण दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "मी माठ रोज घासते," म्हणाल्या आणि उठून गेल्या. त्यानंतर घरात निवट्या शिजल्या नाहीत. मला वाटलं, रुसल्यात.

मला सातवा महिना होता तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या. पोटात अन्न ठरेना. डॉक्टर म्हणाले, त्यांना हवं ते द्या. डॉक्टर असं कधी म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. सासूबाईंनी एकच मागितलं, निवट्या. मीच नवऱ्याला म्हटलं, आण रे. हा पारा साचायला वर्षं लागतात, तेवढी त्यांच्यापाशी कुठे होती?

नवऱ्याने निरोप धाडला आणि सासूबाईंचा भाऊ ओहोटी साधून डबा भरून घेऊन आला. मी चिंच भिजत घातली. सासूबाईंनी डबा जवळ मागितला, आत बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. मग भावाला म्हणाल्या, "ने परत."

"अगो, तूच सांगितलंस ना?"

"घरान शिजल्या का हिला वास येल. मंग हिची इच्छा होल. पोटुशी बाईला नाय कसा म्हनाचा?"

"आई, मी नाही खाणार. शपथ," मी म्हटलं.

"तू गप गो," त्या म्हणाल्या.

भाऊ डबा घेऊन गेला. त्या दिवशी त्यांनी चार चमचे पेज घेतली. पुढे काही मागितलं नाही, आणि माझी मुलगी जन्मायच्या आत त्या गेल्या.

मुलगी ठणठणीत निघाली. खाडीत पारा होता की नव्हता, हे मला अजून माहीत नाही. माझी शपथ मात्र खोटी होती. डब्याचं झाकण उघडल्यापासून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि ओट्यापाशी उभी राहून मी मनात म्हणत होते, एकच खाईन, एकीने काय होतंय. डबा परत न्यायला सांगण्याआधी सासूबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं होतं.