दुखवट्याचं अंडं

ताई, शुद्धलेखनाच्या चुका होतील, माफ कर. अक्षर तर तुला ठाऊकच आहे. हे पाठवीन की नाही, तेही मला माहीत नाही.

तू इस्रायलला गेलीस तेव्हा आईने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मी दुबईला निघाले तेव्हा ती नुसती दारात उभी राहिली. चौकटीवरच्या मेझुझाच्या, प्रार्थनेच्या डबीला बोटं लावून ओठांना टेकवली आणि म्हणाली, "जा. मला माती द्यायला पोरांत आता दानियल तेवढा उरला." तसंच झालं. ती गेली तेव्हा माझा पासपोर्ट माझ्या पहिल्या मालकाच्या कपाटात होता.

आता मी दुबईतच अल बर्शाला एका डॉक्टर मॅडमकडे आहे. औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, समुद्राचं पाणी गोड करायचं शास्त्र शिकलेल्या. पहिल्या दिवशी घरात शिरताना सवयीने माझा हात त्यांच्या चौकटीला लागला आणि ओठांवर गेला. चौकटीवर काहीच नव्हतं. मॅडम बघतच राहिल्या. "तू पण? इंडियात पण आहोत आपण?" म्हणून पोट धरून हसल्या. त्याही यहुदीच, पण देव न मानणाऱ्या.

त्यांच्या देशात एक माणूस निवडून आला आणि आता खुर्ची सोडत नाही. न्यायाधीश बदलले, कॉलेजातली माणसं उचलली, आणि सगळं यहुद्यांनी बिघडवलं असं टीव्हीवर रोज सांगतो. मॅडम दर रविवारी कॉम्प्युटरवर त्याच्याविरुद्ध बोलतात. म्हातारे वडील मात्र तिथेच होते.

गेल्या महिन्यात ते वारले. त्यांच्या सरकारकडून फोन आला : मी खोटं बोलले अशा दोन ओळी लिहून सही करा आणि मातीला या, कोणी हात लावणार नाही.

"रिबका, तू काय केलं असतंस?" मॅडमनी विचारलं.

"सही. यल्ला, चला, सही करा आणि विमानात बसा. दोनच तर ओळी."

"असल्याच दोन ओळींवर सही केली नाही म्हणून पपांची नोकरी गेली होती."

"ते गेले, मॅडम. त्यांना काय कळणार?"

"मला कळेल."

मला राग आला. दार उघडं असून न जाणारी लेक मी पहिल्यांदा बघत होते. त्या दिवशी भांडी आपटून घासली.

दफन त्यांनी फोनवर पाहिलं आणि तशाच जमिनीवर बसून राहिल्या. मी फ्रिजमधून अंडी काढली आणि आईचं बोलणं आठवलं, "दुखवट्यातलं पहिलं जेवण म्हणजे उकडलेलं अंडं, पण ते स्वतःच्या घरचं नसतं. शेजाऱ्याने आणायचं." इथे तर फ्रिज त्यांचा, गॅससुद्धा त्यांचा. अंडी परत ठेवली आणि खाली हमीदभाईच्या दुकानात गेले. हा म्हसळ्याकडचा मुसलमान. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, हे आपल्या लोकांचं जुनं नाव घेऊन मला चिडवतो.

"काय शनवार तेलीण, सुटी अंडी? मॅडम कंजूस झाली काय?"

"मॅडमचे वडील वारले. अंडी माझ्याकडून द्यायचीत. तुमच्या शेगडीवर उकडून द्या."

त्याने चहाचं पातेलं उतरवून अंडी उकडत ठेवली. पैसे घेईना.

"घ्या हो. नाहीतर ती तुमची होतील."

"मग एक माझं असू दे," म्हणाला.

मॅडमनी बशी बघितली आणि न सांगताच ओळखलं. "माझी आजी..." एवढंच म्हणाल्या. मीठसुद्धा न लावता अंडी खाल्ली.

रविवारी त्या परत बोलायला बसल्या. लोकांनी खाली लिहिलं, जी बापाला माती द्यायला गेली नाही ती देशावर काय प्रेम करणार. मॅडमनी ते मला वाचून दाखवलं. आवाज जराही हलला नाही. मला अजून वाटतं, त्यांनी सही करायला हवी होती.

गाव विचारलं की मी रेवदंडा सांगते. पण तिथल्या घराला कुलूप आहे आणि दानियल फोन उचलत नाही. आपलं माणूस गेल्यावर जिथे शेजारी ताट घेऊन येतो ते घर, असं मला आता वाटतं. आई गेल्याचा फोन आला त्या दिवशी मालकाकडे पार्टी होती. मी बिर्याणी केली, वाढली, आणि उरली ती खाल्ली.

ताई, तुला तिथे कोणी अंडं आणून दिलं होतं का?