उंद्रीचं क्वारंटाईन

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ड्रॉवरमध्ये जुन्या वायरी साचतात तसे ते आपोआप साचतात. कारण साधं आहे. नेटवर्क, सर्व्हर, सिक्युरिटी यातले सगळे शब्द इंग्रजी, आणि आमच्या माणसांकडे त्यातल्या प्रत्येक शब्दाला आधीच एक अर्थ असतो. तो सहसा आमच्या अर्थापेक्षा जास्त उपयोगाचा असतो.

मी चिखलीच्या एका बियाणे कंपनीत सिस्टीम सांभाळतो. हेड ऑफिस चिखलीत, सेंटरं तीन. सुलतानपूरला दगडूभाऊ, वरवट बकालला गजाननभाऊ, उंद्रीला वर्षाताई. कोणत्या शेतकऱ्याच्या प्लॉटवर कोणतं वाण पेरलंय, त्याची उगवण कशी, हे सगळं तिन्ही सेंटरांवर भरतात. रोज संध्याकाळी चौघांचे कॉम्प्युटर एकमेकांशी जोडले जातात आणि प्रत्येकाकडे सगळ्यांची माहिती जाते. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

*

सुरुवातीला मी फोनवरूनच चौकशी केली होती. दगडूभाऊंना विचारलं, "तुमच्याकडे बॅकअप आहे का?"

"हाव ना. एकदम फर्स्टक्लास."

"किती जुना?"

"मागच्याच दिवाळीत घेतला. चार घंटे चालते. पंखा लावला तं तीन."

लाईट जाणाऱ्या गावात बॅकअप म्हणजे इन्व्हर्टर. मला माहितीची दुसरी प्रत म्हणायची होती, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते समजलं भाऊ. पन लाईटच नसली तं तुमचा बॅकअप पाहाचा कशावर?"

*

मग पासवर्डची मोहीम निघाली. प्रत्येकाने नवा पासवर्ड ठेवायचा, त्यात एक तरी स्पेशल कॅरेक्टर पाहिजे. वरवट बकालहून गजाननभाऊंचा फोन आला.

"भाऊ, हे मशीन काही घेऊन नाही राह्यलं."

"स्पेशल कॅरेक्टर टाकलं का?"

"टाकलं ना. आमच्या गावात एकच हाय, सरपंचाचा साला. त्याचं पूर्न नाव टाकलं, आडनावासकट."

मी म्हटलं, तसं कॅरेक्टर नाही, चिन्ह पाहिजे.  गजाननभाऊ म्हणाले, "चिन्ह? तो तं अपक्ष उभा होता. कपबशी."

*

फिशिंगचं प्रशिक्षणही झालं. खोट्या मेलवर क्लिक करू नका, असं दोन तास सांगितलं. चहा-पोहे झाले. आठवड्याने आम्हीच एक खोटा मेल पाठवला, कोण फसतं ते पाहायला. 'अभिनंदन, तुम्हाला मिक्सर लागला आहे.'

दगडूभाऊंनी नुसतं क्लिक केलं नाही. दुसऱ्या दिवशी सुलतानपूरहून एसटीने चिखलीला आले, सोबत मोठी पिशवी घेऊन.

आमच्या साहेबांसमोरच मी त्यांना सांगितलं की ती परीक्षा होती, मिक्सर वगैरे काही नाही. दगडूभाऊंनी मान डोलावली. "हाव, परीक्षा होती, समजलं. पास झालेल्याले भेटनार हाय का मंग?"

मी हसलो. साहेब हसले नाहीत. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. ते म्हणाले, "बस झाल्या गमती. आता ज्याच्या सेंटरवर पुढचा किस्सा होईल, त्यानं घरी बसायचं."

हे तिन्ही सेंटरांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. दगडूभाऊ आणि गजाननभाऊंना शेती होती. वर्षाताईंना नव्हती. नवऱ्याचं हॉटेल बंद पडलं होतं, दोन पोरं शाळेत होती, आणि उंद्रीत दुसरी नोकरी कुठे होती? त्या फोनवर फक्त "बरं" म्हणाल्या. मला ते "बरं" आवडलं नाही.

*

त्याच महिन्यात साहेबांनी फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरचं नको ते आत येऊ न देणारी भिंत, मंजूर केली. बसवली, आणि संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"माझ्या लॅपटॉपवर व्हिडिओ काऊन बंद झाले?"

"साहेब, फायरवॉल सगळ्यांना सारखीच लागते."

"भिंत बांधली कोनं? मी. मंग मालकाले एक दार तं ठेवशील?"

दार ठेवलं, म्हणजे त्यांचा लॅपटॉप फायरवॉलमधून वगळला. मालकाचा शब्द होता.

*

आता उंद्री.

एके दिवशी उंद्रीची माहिती यायची थांबली. मी फोन केला.

वर्षाताई म्हणाल्या, "भाऊ, कॉम्प्युटरले व्हायरस झाला. स्क्रीनवरच लिहून आलं, क्वारंटाईन केलं म्हनून."

"अहो, ते अँटिव्हायरसने एक फाईल बाजूला ठेवली. काही काळजी नाही."

"काळजी कशी नाही? कोरोनात मी सोता शाळेत चौदा दिस होती. मी त्याची समदी तार काढली, बियान्याच्या गोदामाबाजूच्या खोलीत ठेवला आन कुलूप लावलं. तोवर समदं हातानं लिहून राह्यली. दुसऱ्या सेंटरांले नको लागाले."

मी खूप समजावलं. त्या म्हणाल्या, "तुमी कोरोनात बी असंच म्हनत होते, काही होत नाही म्हनून."

साहेबांना सांगणं भाग होतं. त्यांनी वर पाहिलंही नाही. "एक तारखेपासून उंद्रीला दुसरा माणूस."

 वाईट वाटलं, पण हेही उंद्रीला मीच कळवलं.

पुढच्या आठवड्यात सकाळी हेड ऑफिसचे सगळे स्क्रीन लाल झाले. फायली कुलूपबंद, आणि किल्लीसाठी इंग्रजीत खंडणी. साहेबांनी आदल्या दिवशी 'उगवण अहवाल' नावाचा एक मेल उघडला होता. व्हायरस मालकाच्या दारातून आत आला, आणि संध्याकाळी कॉम्प्युटर जोडले गेले तेव्हा सुलतानपूर आणि वरवट बकालही गेले. आमची बॅकअपची डिस्क सर्व्हरलाच लावलेली होती. तीही गेली.

बियाण्याची तपासणी तोंडावर आलेली. कोणाच्या शेतात कोणतं वाण, हे कुठेच उरलं नव्हतं.

साहेबांनी स्वतः फोन स्पीकरवर टाकून सेंटरांना विचारलं, "कोनाकडे बॅकअप आहे का?"

दगडूभाऊ म्हणाले, "हाव साहेब. चार घंटे."

मग साहेबांना आणि मला एकदमच उंद्री आठवली.

गाडी सेंटरसमोर थांबली. वर्षाताई बाहेर आल्या. खोलीच्या दारावर खडूने लिहिलं होतं, 'आत जाऊ नये'.

साहेब म्हणाले, "ताई, चावी द्या."

"चावी तं नव्या मानसाले द्याची हाय ना? एक तारखेले येनार हाय म्हनतात."

"कोन नवा मानूस? कोनी येत नाही. उंद्री तुमचीच आहे. द्या चावी."

वर्षाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी कमरेची चावी काढली, पण मूठ उघडली नाही.

"सेंटर माहं, तं नियम बी माहाच चालन. साहेब, चौदातले अजून तीन दिस बाकी हायेत."

साहेबांनी कुलपाकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, नाकावर घट्ट बांधला आणि त्याच्याआडून विचारलं, "आता?"