राक्षसांच्या गावात गूळपाणी

भर दुपारी अंधाराच्या शोधात असलेला माणूस साऱ्या पुणे जिल्ह्यात एकच निघेल, आणि माझ्या नशिबानं तो माझा साडू आहे. निमगाव साव्यासारख्या गावात, जिथं ऊन एवढं की कांदा शेतातच अर्धा सुकतो, तिथं हे गृहस्थ कांदा साठवायच्या बराकीचा एक कोपरा गोणपाटांनी झाकून, आत लॅपटॉप उघडून, मध्ययुगातला काळोख तयार करत बसायचे. काळोख म्हणजे नुसता काळा रंग नव्हे भाऊ, त्याला थरावर थर द्यावे लागतात, असं ते मला ऐकवत. माझं घोडेगावला झेरॉक्सचं दुकान आहे. मशीन बिघडलं की माझ्याकडंही अगदी अस्साच काळोख छापून निघतो, फक्त गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. पण साडूचा मान असतो म्हणून मी तोंड मिटून ऐकत असे.

आता हा उद्योग काय, ते सांगतो. साडू पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत चांगले चिकटले होते. एके दिवशी बिऱ्हाड उचलून गावी आले आणि म्हणाले, मी गेम करणार. व्हिडिओ गेम. अशा गेमला परदेशात शंभर-शंभर माणसं लागतात, हे एकटेच करणार. एकट्यानं, घरचं खाऊन केलेल्या गेमला इंडी गेम म्हणतात म्हणे. आमच्याकडं अशा माणसाला दुसरंच काही म्हणतात, पण ते असो. गेमचं नाव 'अंधारवेस'. एक लोखंडी चिलखतातला तरुण सरदार, उजाड मुलूख, दलदल, फासावर लटकलेली माणसं, जिथं तिथं राक्षस, आणि शेवटी एक मेलेला राजा जो मरतच नाही. असा हा घरी बसून बघण्यासारखा कौटुंबिक विषय. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, गावातल्याच शाळेत शिकवते. तिनं पहिली दोन वर्षं काढली आणि मग वर्गात सांगतात तशा शांत आवाजात सांगितलं, "या दिवाळीपर्यंत तुमच्या राक्षसांनी घराला हातभार लावला तर ठीक. नाहीतर पुण्याची नोकरी. मी एकटीनं किती ओढायचं?" यात तिचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. साडूंना मात्र गाव सोडायची धास्ती होती. सगळी भीती त्यांनी गेममध्ये घातली होती, ही एक सोडून.

कामाला माणूस वाघ. राक्षस हाड चावतो त्याचा आवाज हवा म्हणून शेजाऱ्याच्या कडबाकुट्टीपुढं तासभर माईक धरून उभे राहिले. दलदलीतला बुडबुडा म्हणजे चुलीवर रटरटणारं पिठलं. एकदा मला स्कूटरवर मागं बसवून भीमाशंकरला नेलं, कशाला, तर धुक्याचा आवाज पकडायला. धुक्याला आवाज नसतो, असं मी मंचरपासून सांगत होतो. तिथं काठीला बांधलेला केसाळ माईक उंच धरून हे देवळाच्या वाटेवर डोळे मिटून उभे. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं कसलं तरी अनुष्ठान चाललंय; एका बाईनं त्या माईकला हात जोडले आणि खाली फूल ठेवलं. घरी येऊन ऐकलं तर धुक्यातून स्पष्ट आवाज, "गरम कणीऽऽस!" साडू म्हणाले, ते मी पुसून टाकणार आहे. पुसलं काही नाही. आजही 'अंधारवेस'च्या शापित दरीत कान देऊन ऐकलंत तर कुणीतरी कणसं विकतंय.

माझाही आवाज त्यात आहे. सरदाराच्या तलवारीनं जेवढे म्हणून शिपाई मरतात, ते सगळे मी. बराकीत उभं राहून मी वेगवेगळ्या तऱ्हांनी मेलो. "भाऊ, जरा जीव लावून मरा," असं साडू प्रत्येक वेळी सांगत. माझी बायको दाराआडून म्हणाली, हे तर दुकानातून आल्यावर रोज असेच कण्हतात.

त्यात साडूंना सत्याचं वेड. मध्ययुगात मिरची नव्हती, बटाटा नव्हता, चहा नव्हता, म्हणून गेममध्येही नाही. टोमॅटो नव्हता! नारायणगावचा टोमॅटो बाजार हाकेवर असलेल्या तालुक्यात बसून हा माणूस म्हणतो टोमॅटो नव्हता. मी विचारलं, "आणि मेलेले राजे चालत होते का त्या काळात?" तर म्हणाले, "ते वेगळं." हे सगळं त्यांनी एवढं मनावर घेतलं की एकदा जेवताना भाजीतला बटाटा बाजूला सारला. साडूंच्या आईंनी ताटच उचललं. त्या दिवशी साडू मध्ययुगात उपाशी झोपले.

गेम जमलाय का हे बघायला साडू गावातल्या लोकांना बोलवून खेळायला बसवत. परदेशात अशा कामाला पगारी माणसं असतात. इथं पारावरची मंडळी फुकट यायची आणि फुकट सल्ले द्यायची. पहिल्यालाच गेममध्ये सांगितलं गेलं की रानात एक नरभक्षक जनावर सुटलंय. त्यानं तलवार घेतलीच नाही. म्हणाला, "राव, आधी पिंजरा लावायला सांगा. वनखात्याला फोन करायचं बटण कुठंय?" दुसरा लोहाराकडं गेला. लोहार तलवारीची किंमत सांगतो, ती द्यायची आणि निघायचं, एवढंच. पण हा पठ्ठ्या भाव पाडून मागितल्याशिवाय घेईना, आणि लोहार काही बोलेना, तेव्हा चिडून म्हणाला, "लई माजलाय ह्यो." साडू प्रत्येकाचं म्हणणं गंभीरपणे टिपून घेत. मी आपला हसून घेई.

मग एके दिवशी साडूंच्या आई जेवायला हाक मारायला बराकीत आल्या आणि पडद्याकडं बघत उभ्या राहिल्या. सरदार एका म्हातारीच्या झोपडीत शिरला, मडकं पालथं करून आतली नाणी घेतली, भिंतीवरची तलवार काढली आणि चालता झाला. असल्या सगळ्या गेममध्ये असंच असतं.

"ह्यो कोण?" आईंनी विचारलं.

"हा नायक, आई."

"नायक? म्हातारीच्या घरात शिरला, मडकं उलथं केलं, आन न बसताच गेला? ह्याला घरी कुणी शिकीवलं न्हाई का?"

"अगं, तो राक्षस मारायला चाललाय. घाईत आहे."

"मंग राक्षस काय पळून चाललाय? घोटभर पाणी पिऊन मारता येत न्हाई व्हय?"

मी मोठ्यानं हसलो. साडू हसले नाहीत. पुढचे कित्येक दिवस त्यांनी राक्षस सोडून दिले आणि ती झोपडी पुन्हा बांधायला घेतली. चहा तर मध्ययुगात बसत नव्हता, म्हणून गूळपाणी. आता सरदार आत गेला की म्हातारी त्याला घोंगडीवर बसवते, गुळाचा खडा आणि पाणी पुढं करते आणि बोलत राहते. तिचं बोलणं संपेपर्यंत उठता येत नाही. मग ती आपल्या हातानं तलवार काढून देते आणि पुढची वाट उघडते. म्हातारीचा आवाज आईंचा. साडूंनी लिहून दिलेलं आईंनी बाजूला ठेवलं आणि आपल्याच मनानं बोलल्या. "कुठलं पावणं तुमी? आई हाय का? जेवला का न्हाई, तोंड किती उतारलंय. बसा, वाट कुठं जात न्हाई." खाली परदेशी लोकांसाठी इंग्रजी पाट्या.

श्रावणात परदेशातल्या एका कंपनीला गेम दाखवला गेला आणि त्यांना तो आवडला. खरंच आवडला! अंधार आवडला, मेलेला राजा आवडला, माझं मरण तर त्यांना फारच अस्सल वाटलं. गेम आपण जगभर नेऊ म्हणाले, पुढच्या गेमचंही बोलले. मेव्हणीनं त्या दिवशी बिनसणाच्या पुरणपोळ्या केल्या. मग त्यांनी एकच मागणी केली. ती म्हातारी काढून टाका, नाहीतर तिला ओलांडून पुढं जायचं एक बटण द्या. खेळणाऱ्यांना एवढा वेळ नसतो.

साडू नाही म्हणाले.

मी घोडेगावहून तसाच उठून निमगाव साव्याला गेलो. "साडूभाऊ, एक बटण ते काय! ज्याला बसायचंय तो बसेल, ज्याला जायचंय तो जाईल."

"बटण दिलं की कुणी बसत नाही, भाऊ," ते म्हणाले.

"अहो, पण ती म्हातारी खोटी आहे! घरदार, गाव सोडावं लागेल ते खरं आहे!"

"आईच्या तोंडावर दार लावल्यासारखं होईल ते. माझ्यानं नाही होणार. आणि हे आईला सांगू नका."

मला इतका संताप आला की मी म्हणालो, "मग जा पुण्याला!" तर म्हणाले, "जाईन की." मेव्हणी चुलीपाशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती भांडेल असं मला वाटलं होतं, पण तिनं फक्त पदरानं डोळे पुसले आणि माळ्यावरची त्यांची बॅग मला काढून द्यायला सांगितली.

शेवटी कंपनीनं नाद सोडला आणि साडूंनी आपला आपणच गेम इंटरनेटवर विकायला काढला. घेतला काही लोकांनी. एकानं लिहिलं की राक्षस परवडले, म्हातारी आवरत नाही. दिवाळी आली तेव्हा घराला हातभार लागेल असं काही जमलेलं नव्हतं. बराकीतली गोणपाटं निघाली, आत कांदा भरला, आणि साडू सकाळच्या एसटीनं पुण्याला गेले. आता ते रंगीत फळं ओळीत लावून फोडायच्या गेमचं काम करतात. तिथं म्हणे अंधाराला परवानगीच नाही. दर शनिवारी येतो म्हणतात आणि दर शनिवारी मीटिंग निघते. मी त्यांची एवढी टिंगल केली, पण आता घोडेगावात दुकानात बसलेलो असताना कुणी जीव लावून मरायला बोलवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. करमत नाही, सरळ सांगतो.

परवा निमगाव साव्याला गेलो. आईंनी बसवलं, चहा दिला आणि स्वतः समोर बसल्या. म्हणाल्या, "त्याच्या त्या खेळात अजून पावणं येत्यात का वो?"

"येतात की एखाददुसरे."

"आन मी बसवून घेती का त्यांना?"

"घेता की. तुमच्यापुढं कुणाचं काय चालतंय?"

आई कप उचलत म्हणाल्या, "मंग त्याला म्हणावं, तू बी त्या वाटंनं ये की कधी. तिथं तरी बसशील."

मी तिथल्या तिथं साडूंना फोन लावला आणि आईंनी म्हटलं तसं सगळं सांगितलं. नेहमीचा टोमणा तेवढा मारला नाही. साडू म्हणाले, "शनिवारचं बघतो, भाऊ." फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवला नाही, नुसता हातात धरून बसलो. आई मोरीत कप विसळत होत्या, गोठ्यात म्हैस हंबरत होती, शेजारी कुणीतरी मोटर चालू करायला हाक मारत होतं, आणि पुण्यात बसून साडू ते सगळं ऐकत होते.