गाडीपुढे बसलेला माणूस

देवावर माझा राग होता आणि तो मी कधी लपवला नाही. तीन वर्षांची असताना तापात माझा डावा पाय गेला. तेव्हापासून आई दर सोमवारी औंढ्याच्या नागनाथाला हात जोडते, आणि कळायला लागल्यापासून मी दर सोमवारी तिला विचारत आले, की त्यानं केलं काय? मी पत्रकं लिहिणारी मुलगी. कचेरीच्या पायऱ्यांना उतार का नाही, अपंगांची प्रमाणपत्रं का अडतात, यावर मी चौकात बोलते आणि वेळ पडली तर साहेबाच्या दारात बसते. मागायचं ते सरकारकडं, दगडाकडं नाही, असं मी छापून वाटलेलं आहे. ते गठ्ठे अजून घरात पडलेत. म्हणून हे लिहिताना थोडी लाज वाटते. पण घडलं ते घडलं. जसं घडलं तसं सांगते.

माझी गाडी अठरा वर्षांची, ऑटोमॅटिक. क्लच नाही, त्यामुळं डाव्या पायाला कामच नाही. उजव्या पायानं ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, हाताशी गिअरचा एक दांडा, बस्स. परभणीच्या एका डॉक्टरीणबाईंनी हौसेनं वापरलेली ती मी मिळवली, आणि पहिल्यांदा एकटीनं अंगणातून रस्त्यापर्यंत नेली तेव्हा रडले. आमच्या जवळा बाजार गावात तशी दुसरी गाडी कुणाकडं असल्याचं मला ठाऊक नाही. मामा तीस वर्षं काळीपिवळी जीप चालवतात. त्यांनी गाडी पाहिली आणि म्हणाले, "ही गाडी न्हाई पोरी, पाळणा हाय. आपणच गिअर टाकून घेते, मग ड्रायव्हर कशाला पायजे?" पण लर्निंग लायसनवर शेजारी पक्क्या लायसनचा माणूस लागतो, म्हणून त्या पाळण्यात मामाच बसायचे, आणि प्रत्येक वळणावर डाव्या पायानं नसलेला क्लच दाबायचे.

हिंगोलीच्या एका संस्थेनं मला काम देऊ केलं होतं. गावोगाव, तांड्यातांड्यावर जाऊन अपंग लेकरांच्या घरच्यांना भेटायचं, त्यांचे कागद करून द्यायचे, लेकरू शाळेत बसेपर्यंत पाठ सोडायची नाही. हे काम मी फुकटही केलं असतं. अट एकच होती, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे आणि पक्कं लायसन हातात पाहिजे. माझ्या लर्निंगची मुदत लायसनच्या चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी संपत होती. हिंगोलीत चाचणीची वेळ मिळाली होती दुपारी बाराची. ती चुकली की सगळं पहिल्यापासून, आणि तोवर ते काम दुसऱ्या कुणाचं.

गाडी काही दिवसांपासून रुसत होती. दांडा पुढं टाकला की लगेच न निघता क्षणभर विचार करायची. वळणावर इंजिन नुसतंच ओरडायचं आणि चाकांना ते ऐकूच जायचं नाही. मामांनी बॉनेट उघडलं, गाडी बंद ठेवून गिअरच्या तेलाची पट्टी काढली आणि मला दाखवली. तेल खुणेपर्यंत भरलेलं. "तेल बराबर हाय," ते म्हणाले, "म्हातारी झाली, दुसरं काय." त्याच आठवड्यात आईला अंगणात गाडीखाली लाल ठिपके दिसले. तिनं ते वाईट धरले, आजच्या दिवस गाडी काढू नको म्हणाली. मी तिला अंधश्रद्धेवर माझं नेहमीचं भाषण ऐकवलं, कुंकू सांडलं असेल म्हणाले आणि अंगण धुऊन टाकलं. असं आठ दिवसांत तीनदा झालं. तीनदाही वाकून बघण्याचं मला सुचलं नाही.

चाचणीच्या सकाळी आम्ही लवकरच निघालो. मी, शेजारी मामा, मागं मांडीवर नारळ घेऊन आई. बाजार सोडून औंढ्याच्या रस्त्याला लागलो आणि चार-पाच किलोमीटरवर गाडी संपली. इंजिन चालू, दांडा जागेवर, मी पाय दाबतेय, आवाज चढतोय आणि गाडी जागची हलत नाही.  मामांचं डोकं अशा वेळी जीपवाल्याचं चालतं. त्यांनी समोरून आलेला ट्रॅक्टर थांबवला, वळवून घेतला, मला गाडीचं इंजिन बंद करायला लावलं आणि गाडीला दोर बांधला. औंढ्यापर्यंत ओढू, तिथं कुणीतरी बघेल. मलाही ते पटलं. आमच्याकडं बंद पडलेली गाडी ओढतातच, त्यात विचारायचं काय?

तेवढ्यात औंढ्याकडून एक मोपेड आली. तिच्यावर दोन्ही बाजूंना फवारणीचे पंप बांधलेले आणि मध्ये पांढऱ्या दाढीचे एक चाचा. आठवडी बाजारात पंप दुरुस्त करणारे म्हणून मी त्यांना लांबून पाहिलं होतं, बोलले कधीच नव्हते. त्यांनी दोराकडं पाहिलं, मग खिडकीतून आत दांड्याकडं पाहिलं, आणि म्हणाले, "दोरी सोडा."

मी भडकले. गाडी आमची, घाई आमची, तुम्ही कोण अडवणारे? बाईच्या हातात स्टिअरिंग दिसलं की रस्त्यावरच्या प्रत्येकाला शिकवावंसं का वाटतं, हेही विचारलं. चाचांनी मोपेड स्टँडवर लावली, चालत आले, आणि ट्रॅक्टर आणि माझ्या गाडीच्या मध्ये, त्या दोरावरच मांडी घालून बसले.

मी आजवर कितीतरी दारांपुढं अशी बसले आहे. माझ्यापुढं कुणी बसलं नव्हतं.

मामा म्हणाले, "चाचा, उठा की. पोरीची परीक्षा हाय आज."

"म्हणून तर बसलो," चाचा म्हणाले. "ही जीप न्हाई, भाई. इंजिन बंद म्हणजे आतला पंप बंद. चाकं फिरतील, तेल फिरणार न्हाई. औंढा येईस्तोवर आतलं सगळं घासून जाईल. मग हिला भंगारात द्या." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "बेटा, गाडीखाली लाल काही पडत होतं काय?"

 मामा माझ्याकडं बघायला लागले, मी स्टिअरिंगकडं. मागून आईचा आवाज आला, "आठ दिस झाले. मी सांगून राहिले, तर ही म्हणते अंधश्रद्धा."

चाचा आखातात बारा वर्षं एका गॅरेजात होते. तिथं सगळ्या अशाच गाड्या, त्यांनी सांगितलं. दोर सुटला. त्यांनी मला इंजिन चालू करायला लावलं. ब्रेक दाबून दांडा प्रत्येक खाचेत हळूहळू फिरवून परत पार्किंगला आणायला लावला, आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढली. फक्त टोक ओलं होतं. बंद गाडीत तेल खाली येऊन बसतं आणि पट्टी भरलेली दिसते, खरं माप चालत्या इंजिनातच कळतं, हे ते मामांना सांगत होते आणि मामा शाळेतल्या पोरासारखे मान हलवत होते.

मग चाचांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, पट्टी त्यावर पुसली, रुमाल नाकाशी नेला आणि डोळे मिटले. तेल करपलं असेल तर गिअरबॉक्स गेला. मग चाचणी नाही, काम नाही, गाडीही नाही. माझं सगळं त्या एका वासावर आलं होतं आणि मला करण्यासारखं काहीच नव्हतं. ओरडायला कुणी साहेब नव्हता, बसायला दार नव्हतं. माझ्या तोंडून शब्द निघाला, "नागनाथा." मी तो म्हटला नाही, तो निघाला. आईनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जळलं न्हाई," चाचा म्हणाले.

पुढचं सगळं धावतच झालं. चाचांनी गाडी बंद करायला लावली. मामा चाचांची मोपेड घेऊन बाजारात गेले. पट्टीवर तेलाचं नाव कोरलेलं होतं, तेच लाल तेल ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला लागतं म्हणून दुकानात सहज मिळालं. चाचा गाडीखाली शिरले. रेडिएटरजवळच्या रबरी नळीचं तोंड चिरलं होतं आणि क्लिप गंजून ढिली झाली होती. त्यांनी नळीचं चिरलेलं टोक कापलं आणि फवारणीच्या पंपाची कोरी क्लिप आवळली. ती अशी बसली, की जणू तिथलीच. मग पुन्हा इंजिन चालू ठेवून, स्वच्छ नरसाळ्यानं थोडं थोडं तेल ओतलं, दरवेळी पट्टी काढून बघत. जास्त झालं तरी वाईट, असं सांगत. दांडा पुढं टाकला आणि गाडी अशी निघाली, की मामांनी ओरडून डॅशबोर्ड धरला. आई हसत होती, मी हसत होते. पैसे विचारले तर चाचांनी हात हलवला, उशीर होतोय, निघा म्हणाले.

पावणेबाराला आम्ही हिंगोलीत होतो. मैदानावर मी आठाचा आकडा काढला, मागं घेतली, उभी केली. तपासणाऱ्या साहेबांनी दोन शब्दांत पास म्हणून सांगितलं. मी त्यांचे आभार मानले. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या साहेबाचे.

पुढच्या बाजाराला आई आणि मी चाचांकडं प्रसाद घेऊन गेलो. आई म्हणाली, त्या दिवशी तुम्हाला देवानंच पाठवलं. चाचांनी प्रसाद डोक्याला लावून घेतला आणि म्हणाले, "अम्मा, मी तर दर बाजाराला फजरला, उजाडायलाच येतो. त्या दिवशी मोपेड पंक्चर झाली म्हणून उशीर झाला. तेल कमी होतं, टाकलं." आईनं माझ्याकडं पाहिलं. मी वाद घातला नाही.

मी अजून पत्रकं लिहिते. उतार अजून झालेला नाही आणि मी ते सोडणार नाही. पण शरण जाणं म्हणजे हार मानणं, असं मी ज्या जोरात सांगायची तो जोर आता नाही. त्या सकाळी मी तासभर, मला येत असलेलं काहीही न करता, अनोळखी माणसाच्या शब्दावर ब्रेक दाबला आणि सोडला, आणि त्या तासात जे मिळालं ते मी कधी भांडून मिळवलेलं नव्हतं. त्याला काय म्हणायचं ते आई जाणो आणि नागनाथ जाणो. मी ऋणी आहे, एवढं मला नक्की कळतं.

आज मला आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजूला एका तांड्यावर जायचं आहे. तिथं सात वर्षांची एक मुलगी आहे, तिला अजून कुणी शाळेत नेलेलं नाही. आई घरी आहे, मामा त्यांच्या जीपवर. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे, आणि मला एकटं वाटत नाही.