पारूबाईच्या पदराखाली काय होतं

निरवांगीच्या पुढं वस्तीवरच्या शाळेत सारजा अकरा वर्षं खिचडी शिजवतेय. नवरा लोणी देवकरला कंपनीत. त्याची पहिली शिफ्ट असली की घर पहाटेच जागं होतं. भाकरी थापून, शेळीला पाला टाकून सारजा नऊच्या ठोक्याला शाळेत. पोरं तिला मावशी म्हणतात. आणि मावशीचं एक वाक्य शाळेतल्या भिंतींनासुद्धा पाठ झालंय, "अकरा वर्सांत माज्या हातची खिचडी कदी तळाला लागली न्हाय. इचारा कुनालाबी!" विचारायला कुणी जात नाही, कारण हे सांगताना तिच्या हातात पळी असते.

मुख्याध्यापक सावळाराम सर रोज पहिला घास खातात, डोळे मिटतात, "म्हणजे असं बघा... उत्तम" म्हणतात आणि चवीच्या वहीत सही करतात. मग पंगत बसते.

स्वयंपाकखोली आणि पाचवीचा वर्ग यांच्यामध्ये एक खिडकी आहे. इंदापूरहून येणाऱ्या शबीना मॅडम जेवणाच्या सुट्टीआधी मुलांना एक कादंबरी वाचून दाखवतात, आणि पलीकडं पळी ढवळत सारजा ती फुकटात ऐकते. कादंबरी शाळेतल्या पैशांच्या चोरीची. पहिल्या प्रकरणात मुलं सहलीसाठी पैसे जमवतात, दुसऱ्यात ते कपाटातून गायब होतात. शुक्रवारी तिसरं झालं. त्याचं शेवटचं वाक्य असं होतं की स्वयंपाकीण पारूबाई रोज घरी जाताना पदराखाली काहीतरी झाकून नेते.

मॅडमनी पुस्तक मिटलं. "तीन प्रकरणांवरून काय समजलं? पैसे कुणी घेतले असतील?"

"पारूबाईनं!" अख्खा वर्ग एका सुरात.

श्रेया तर वहीत पारूबाईचं नाव लिहून उभीच राहिली. "मॅडम, सरळ हाय. चोरी केली नसती तर झाकलं कशाला असतं?"

खिडकीपलीकडं पळी थांबली. पारूबाई कोण, कुठली, सारजाला काय माहीत. पण पदराखाली डबा तर तीसुद्धा नेत होती. आणि ऐकण्याच्या नादात इकडं पातेल्याच्या तळाशी चर्र आवाज सुरू झाला होता.

पंगतीत ती वाढत गेली तशी मागं खुसखुस सुरू झाली. श्रेयानं ओढणी खांद्यावरून घेतली, कमरेवर हात ठेवला आणि हुबेहूब मावशीच्या चालीनं चार पावलं टाकली. "इचारा कुनालाबी!" पोरं हसून लोळली. एरवी सारजाही हसली असती. आज कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "मावशी पन झाकून नेती की," आणि हसणं एकदम थांबलं. पोरं तिच्या पदराकडं बघायला लागली.

पंगत उठून पोरं वर्गात बसली, तशी भांडी तशीच ठेवून ती डबा घेऊन आत गेली. डबा टेबलावर आदळला, झाकण काढलं.

"बगा. हे नेती मी झाकून."

आत काळीकुट्ट खरपुडी होती, पातेल्याच्या तळाला लागलेली.

"मावशी, हे कशाला नेता?" मॅडमनी विचारलं.

"शेळीला. वरची चांगली पोरास्नी, खालची शेळीला. हितं टाकली तर सर वहीत लिवनार, खिचडी लागली म्हनून. मग बचत गटातल्या बाया म्हननार, सारजाला जमत न्हाय, दुसरी बगा. पारूबाईचं बी तसंच असंल. झाकती ती बाई, पन चोरी झाकत न्हाय, करपलेलं झाकती!"

बोलून झाल्यावर तिला दारात सावळाराम सर दिसले. वही त्यांच्या काखेत होती.

"मावशी, अकरा वर्षं म्हणत होता तुम्ही..."

"आठवड्यातनं दोनदा लागती सर," सारजा म्हणाली. एकदा बोललीच होती, आता मागं काय घ्यायचं. "शेगडी मोठी, पातेल्याचा तळ पातळ. लिवायचं तर लिवा."

सरांनी डब्यात वाकून पाहिलं, एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि सवयीनं डोळे मिटले.

"म्हणजे असं बघा," सर म्हणाले, "पातेलं जाड तळाचं पाहिजे. मी तेवढंच लिहितो." आणि त्यांनी तिथंच उभं राहून तेवढंच लिहिलं.

सारजानं डोळ्याला पदर लावला, मग लगेच काढला. सगळा वर्ग बघत होता.

मॅडमनी पुन्हा विचारलं, "आता पारूबाईवर कुणाचा संशय आहे?"

एकही हात वर झाला नाही. मग एक झाला. श्रेयाचा.

"मावशी, तुमचं खरं हाय. मगाशी नक्कल केली ती चुकलं माजं," ती म्हणाली. "पन पुस्तकातल्या बाईकडं शेळी हाय असं कुठं लिवलंय?"

सारजा जरा विचारात पडली. पोरगी बोलत होती ते खोटं नव्हतं.

"न्हाय लिवलं," ती म्हणाली. "पन चोरी केली असं तरी कुठं लिवलंय? आत्ता तर तीनच परकरणं झाल्यात. येवड्यात चोर म्हनून कशाला बांदून घालता तिला?"

श्रेयानं वहीतलं पारूबाईचं नाव काही खोडलं नाही. नुसतं पुढं एक प्रश्नचिन्ह काढलं. सारजानं वाकून ते बघितलं, "तेवडं चालंल" म्हणाली, आणि भांडी घासायला गेली.