जयाताईंचं कलम पंचवीस

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत जयाताईंशी वाद घालायची कुणाची छाती नाही. स्वारगेटला एसटीच्या कंट्रोलर होत्या. आवाज अजून डेपोएवढाच. गणपतीत प्रत्येक घराने पाळीने आरती करायचीच, असं कमिटीने ठरवलं, तेव्हा भर मीटिंगमध्ये त्या उठल्या.

"आम्ही बौद्ध. छप्पनला आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली. मी पंगतीत वाढेन, आरती करणार नाही. संविधानाचं कलम पंचवीस वाचा. काय मानायचं ते माझं मन ठरवेल, तुमची कमिटी नाही."

कमिटीने नियम मुकाट्याने मागे घेतला. आमचे सेक्रेटरी कुणापुढे तरी गप्प बसले, याचाच मला केवढा आनंद.

परवा मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा घेत होते. सून शेफाली ऑफिसला निघायच्या गडबडीत. ती लोणी काळभोरच्या शेतकरी घरातली. जयाताईंच्या मुलाशी, समाधानशी लव्ह मॅरेज, वर्ष झालं. एरवी स्वयंपाक तीच करते. त्या दिवशी भातासाठी जयाताईंनी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि दचकून बाहेर काढला. हातात बोटभर पितळेची अन्नपूर्णा!

आमच्या हिंदू घरांत मुलगी सासरी निघताना आई ही मूर्ती देते. वाटीभर तांदळात बसवून देव्हाऱ्यात पुजतात. डब्याच्या तळाशी पुरलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

"हे काय गं?" जयाताईंनी मूर्ती तिच्यापुढे धरली.

शेफाली पांढरीफटक पडली. "चुकलं, आई. आजच माहेरी नेऊन ठेवते."

"वर्षभर लपवलीस? मी कधी नको म्हटलं तुला?"

"तुम्ही कधीच नको म्हटलं नाही. पण इथे चालणार नाही, हे सांगायला कशाला लागतं?"

"अगं, मीटिंगला तू माझ्या शेजारी बसली होतीस! कलम पंचवीस ऐकलं नाहीस?"

"ऐकलं ना," शेफाली खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, ते घराबाहेरच असतं."

जयाताई मटकन स्टुलावर बसल्या. माझीही मान वर होईना.

मग त्यांनी मूर्ती पदराने पुसली आणि सुनेच्या हातात दिली. "मी हात जोडणार नाही. पण ही माहेरी जायची नाही."

"मग कुठे ठेवू?"

"मला काय विचारतेस?" जयाताई ओरडल्याच. "घर तुझं नाही का?"